बिनआवाजाची बैठक

बायको जाऊन सात महिने झाले. तिचा आवाज आठवायला बसलो की अजूनही दोन आवाज येतात, आणि त्यातला एक तिचा नाही.

आमच्या दोघांचे वडील सुरतेत, उधन्याच्या एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, कामाला होते. तिथल्या खडखडाटात ओरडून उपयोग नसे. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवत आणि समोरचा ते वाचे. डबा पोचवता पोचवता आम्ही मुलंही शिकलो. साठच्या दशकाची ती सुरुवात. मराठी शाळेत मुली एका भिंतीशी, मुलगे दुसऱ्या भिंतीशी. उघड बोलायची रीत नव्हती. पाढे सगळे मिळून म्हणत, त्यात एकटीचा आवाज कळत नसे. एरवी ती तिकडून ओठांनी बोले, मी इकडून. गुरुजींना वाटे, वर्ग शांत आहे.

दोन वर्षांनी एकदा रस्त्यात तिनं मला मोठ्यानं हाक मारली आणि मी मागे वळून दुसऱ्याच कुणाला शोधू लागलो. माझ्या डोक्यात इतके दिवस बोलत होता तो जाड, संथ आवाज तिचा नव्हता. कुणाचा होता, आजही माहीत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन दार लावून बसलो.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्यासाठी शिरपूरकडचं स्थळ आलं. माझ्या वडिलांनी चाचरत माझं नाव पुढं केलं. आमच्यात सुपारी फुटली की शब्द पक्का. ती कुणाच्या नावानं फोडायची, हे ठरवायला खात्यातली सात जुनी माणसं तिच्या घरी बसली. वीज बंद असायचा वार होता. सगळ्या वस्तीतले लूम थांबले होते आणि ती शांतता कानांवर दाबल्यासारखी वाटत होती.

तिच्या वडिलांचे कान लूमनं कधीच नेले होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बेटा, तू काय म्हनस?"

तिनं खाली मान घालून उत्तर दिलं, "तुम्ही म्हणाल तसं, दादा."

ते त्यांना ऐकू गेलं नाही. मग तिनं मान वर केली आणि भिंतीशी बसलेल्या माझ्याकडे बघत, शाळेतल्यासारखे नुसते ओठ हलवले. "मी शिरपूरला जाणार नाही. बोल की, भित्र्या!"

खोलीत कोण बसलंय, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. सातही जणांनी ते वाचलं. तिच्या वडिलांनीही.

कुणी ओरडलं नाही. सात तोंडं खात्यातल्यासारखी उघडू-मिटू लागली. हात हलत होते, कपाळावरच्या शिरा ताणल्या जात होत्या, एकानं माझ्याकडे बोट रोखलं, आणि खोलीत श्वासाखेरीज आवाज नव्हता. 'शिरपूरला शब्द दिला का?' 'अजून कुठं दिला?' एवढं मी वाचलं. ज्यांची पाठ माझ्याकडे होती, ते काय म्हणत होते ते मला कधीच कळलं नाही. दारातल्या बायका मागं सरकल्या.

"यास्ले काय व्हयनं वं माय?" यांना एकदम झालं काय ते न कळून तिची काकू पुटपुटली.

बराच वेळ ते तसं चाललं. शेवटी माझ्या वडिलांनी मला खूण करून पुढं बसवलं. कुणीतरी सुपारी पाटावर ठेवली आणि वरवंटा घातला. त्या एका आवाजानं बायका दचकल्या. तिचे वडील मात्र पाटाकडे बघतच राहिले.

"फुटनी का?" त्यांनी ओरडून मला विचारलं.

"फुटली," मी म्हणालो. माझा आवाज निघाला की नाही, ते सांगता येत नाही. त्यांना मात्र कळलं.