खालचा सूर

बँडात सगळ्यात जड वाद्य माझं, आणि सगळ्यात कमी दिसणारा माणूसही मीच. बास म्हणजे अंगाला वेटोळं घालून खांद्यावर तोंड उघडणारा तो पितळी भोंगा. त्याच्यावर गाणं नसतंच, नुसतं पों-पों. क्लॅरनेटवाल्याला लोक फर्माईश करतात, ट्रम्पेटवाल्याला पान देतात. मला मात्र विचारतात, "आवं, ह्येच्यात पाणी किती मावतंय?"

इतकी वर्षं फुंकून माझी काही मतं झाली आहेत. बासवाल्यानं वाजवायच्या आधी तडस लागेपर्यंत जेवू नये. भोंगा उन्हात ठेवू नये, ओठ भाजतात. आणि पहिला सूर कधी आपण लावू नये, बँडमास्तरांच्या हाताकडं बघावं. पण आपलं वाजवणं कुणाला ऐकू येतं का, हे काही मला कळत नव्हतं. एकदा सांगलीत एका वरातीला मुद्दाम अर्धं गाणं गप्प राहिलो. कुणाचं लक्षही गेलं नाही, मास्तरांचंसुद्धा! मग कशाला छाती फोडून घ्यायची? लोणंदला मेव्हणा मालधक्क्यावर काम लावून देणार होता. लग्नसराईतली शेवटची सुपारी वाजवायची आणि भोंगा मास्तरांच्या हवाली करायचा, असं मी ठरवून टाकलं.

ती सुपारी कवठे महांकाळजवळच्या खेड्यातली. घर बौद्ध झालेलं, आणि असलं लग्न आम्ही कधी वाजवलेलं नव्हतं. आमचं गणित सोपं होतं: भटजी शेवटचं "सावधान" म्हणाला, अक्षता पडल्या, की धडाका. नेहमीप्रमाणं मांडवाबाहेर उभे राहिलो. आत बघतो तर अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, सगळे पांढऱ्या कपड्यांत शांत बसलेले. मास्तर माझ्याकडं बघताहेत, मी मास्तरांकडं. इतक्यात सगळे एका सुरात "साधू, साधू, साधू" म्हणाले. मास्तरांना वाटलं, लागलं लग्न! हात खाली आला आणि आम्ही सुटलो. आतली सगळी डोकी गर्रकन वळली. नवरा-नवरीच्या हातात हार तसेच! लग्न अजून लागायचंच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं खरंच हार पडले, फुलं उधळली, तरी धसक्यानं कुणी फुंकेना. आतले लोक आमची वाट बघताहेत, आम्ही त्यांची. शेवटी नवरीचा बाप उठून बाहेर आला. मास्तरांनी हातच जोडले.

"आवं मास्तर, चुकायचंच. आमालाबी नवंच हाय," तो म्हणाला. "पर तुमी भाईर का?"

"बँड भाईरच असतोय की."

"ठावं हाय. म्या लय लग्नांत डफडं वाजवलंय. भाईर, उन्हात. जेवाण बी भाईरच. धर्म घेतला तवा डफडं सोडलं. माझ्या लेकीच्या लग्नात वाजवणारा भाईर ऱ्हाणार न्हाई. या आत."

आत जाताना माझा भोंगा पताकांत अडकला. त्यानं स्वतः हात वर करून तो सोडवला, मग मास्तरांकडं बघून मान डोलावली. बँड सुरू झाला. मी छाती भरून घेतली, पण गळाच दाटून आला. इतक्या मांडवांच्या दारात उभा राहिलो, आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. हुंदका आणि फुंक एका गळ्यातून निघत नाहीत, हे मत तेव्हापासूनचं. म्हटलं, जाऊ दे, कुणाला कळतंय?

नवरीचा बाप मांडीवर ठेका धरून चालला होता. तो थबकला, मागं वळला आणि थेट माझ्याकडं बघत म्हणाला, "आवं बासवालं, खालचा सूर कुठं गेला? गाणं लंगडाया लागलंय की!"

मी घाईनं फुंकलं. पहिली फुंक बेसूरच निघाली. लोणंदला मी गेलो नाही, आणि का गेलो नाही हे मेव्हण्याला कसं सांगावं, ते मला अजून उमगलेलं नाही.