पाहुण्यांसाठी पेटवलेली चुलाणं

देवबामामा वाळलेलं हळकुंड कानाशी धरून मोडायचे. कट्ट असा आवाज आला तरच माल पोत्यात, नाहीतर परत उन्हात. शेतकरी घाई करू लागला की म्हणायचे, "माझं नको ऐकू बापू, तिचं ऐक. अजून वली हाय म्हणून राहिली ती."

आमच्याकडं कुरुंदा गावाजवळ त्यांचा हळद शिजवून पॉलिश करायचा छोटा कारखाना होता. सातवीत शाळा सुटली आणि मी तिथं लागलो. पुढं गुजरातेतल्या मसाला कंपनीत मला चिकटवलं तेही मामांनीच. नात्यानं आम्ही कुणी नव्हतो. निघताना म्हणाले, "भेऊ नको रे. तिकडं बी हळद पिवळीच असती." भीती काही गेली नाही, पण त्यांच्या शब्दावर आजवर पोट भरतंय.

आमची कंपनी कैक वर्षं मामांचीच हळद घ्यायची. मग परदेशी गिऱ्हाइकांनी अट घातली, की माल बनवताना हवेत धूर, कार्बन किती जातो ते पाहूनच पुरवठादार निवडायचा. साहेब पाहणीला निघाले आणि मुलूख माहीत म्हणून मलाही सोबत घेतलं. मी आधीच मामांना फोन केला.

"मामा, ते धूरच बघायला येऊन राहिलेत. जाळ कमी ठेवा."

"आरं, एवढ्या लांबून पाहुणे येतील आन् चुलाण थंड? घरात मयत झाल्यावानी?" मामा हसले. "तू काहून भेतो? बराबर करतो मी."

एरवी सहापैकी दोनच चुलाणं पेटत, तीही पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर. सरपण वाया गेलेलं मामांना सोसायचं नाही. त्या दिवशी मात्र गाडी गावाकडं वळली, तर आभाळात काळे लोट. सहाही कढयांखाली बाभळीचे ओंडके धडाडत होते. दारात रांगोळी, आणि फेटा बांधून मामा उभे.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "रोज एवढं जाळता?"

"रोजचं कुठलं, साहेब! आज तुमी येनार म्हून!"

मी घाबरत म्हणालो, "साहेब, खरंच आहे ते. एरवी दोनच पेटतात."

"असेल. पण मी दिसलं तेच लिहिणार," साहेब म्हणाले आणि जेवायलाही न थांबता गाडीत बसले.

हळद पुरवायचं काम वाफेच्या बॉयलरवर हळद शिजवणाऱ्या दुसऱ्या कारखान्याला गेलं. ते सांगायला फोन मीच केला.

"माल नापसंत पडला का रे?"

"नाही मामा. धुराचं नडलं."

मामांनी विचारलं, "तुझ्या नोकरीला तर तकलीफ न्हाई ना?"

"नाही, मामा."

"मंग झालं. साहेबाला माझा नमस्कार सांग. उपाशी गेलं बिचारं लेकरू."

पुढच्याच हिवाळ्यात मामा गेले. साहेब मला रोज भेटायचे. तो नमस्कार सांगायला माझी जीभ कधी वळली नाही.