दोन बोटांचा लिव्हर

वडिलांची मोटारसायकल मी खोलायला घेतली, तेव्हा ती अकरा वर्षं आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभी होती. टू-स्ट्रोक गाडी. ती बनवणारी कंपनीच आता राहिलेली नाही. परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा सगळं सामान टेम्पोत चढलं, पण ही गाडी वडिलांनी चढवू दिली नाही. ते ती स्वतः चालवत घेऊन आले. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले, मग मोतीबिंदू झाला, मग गाडीवर कव्हर आलं.

मागच्या हिवाळ्यात एके दुपारी जेवताना ते म्हणाले, "ती एकदा चालू कर."

"करतो. तुम्हाला मागे बसवून उत्तनला नेऊन आणतो."

"मागे बसायला रिक्षा आहे की. मी चालवणार."

ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचं लायसन संपून सहा वर्षं झालीत. बायकोने वरणाची वाटी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं की बाहेरच्या रस्त्यावर मी त्यांना सोडणार नाही. आमच्या कॉम्प्लेक्सच्या आत चारी इमारतींना वळसा घालणारा रस्ता आहे, माझ्या पावलांनी चारशे साठ पावलं. तेवढ्यात भागवायचं असेल तर बघू.

"चारशे साठ तर चारशे साठ," ते म्हणाले. "पण मी एकटा. आणि गाडी होती तशीच पाहिजे. काही नवीन नको."

त्यानंतर ते रोज सकाळी चहा घेता घेता विचारायचे, "कुठवर आलं?" दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल मी त्यांना इतकं नेमाने विचारताना पाहिलेलं नाही.

इथे त्यांच्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं. त्या हाताला अंगठा आणि शेवटची दोन बोटं आहेत. अंगठ्याशेजारची दोन माझ्या जन्माच्या आधी कारखान्यातल्या प्रेसखाली गेली. मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताने ओढायचा असतो, आणि नेहमीचा लिव्हर त्या दोन बोटांच्या आवाक्यात येत नसे. म्हणून कारखान्यातल्या एका लोहाराने त्यांना वेगळा लिव्हर घडवून दिला होता. टोकाकडे मुठीच्या दिशेने वळवलेला. लहानपणी मी पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसायचो. समोर वारा, खाली टाकीची ऊब, आणि डोळ्यांच्या अगदी जवळ ती दोन बोटं मिटायची, उघडायची. त्यांच्या मिटण्याउघडण्यावर सगळा रस्ता चाललाय असं मला वाटायचं. सगळ्यांच्या वडिलांचा डावा हात असाच असतो, असंही वाटायचं. चारचौघांत तो हात नेहमी पँटच्या खिशात असतो, हे कितीतरी उशिरा लक्षात आलं.

गाडी खोलायला तीन रविवार लागले. क्रोमचा मुलामा चढवायला द्यायचे नग तेवीस निघाले. मी नोकरीत भांडार सांभाळतो, सव्वीस वर्षं झाली. आलेली वस्तू जशी आहे तशी लिहायची, ती तशी का आहे हे आपण विचारायचं नाही, हे हाताला बसलेलं वळण. त्याप्रमाणे मी तेवीस नगांची यादी केली. अनुक्रमांक, नाव, वजन, स्थिती. हेडलाइटची रिंग, गंज. सायलेन्सर, दोन पोचे. ब्रेक लिव्हर, ठीक. क्लच लिव्हर, वाकडा.

भाईंदर पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये एक प्लेटिंगवाला आहे. माझ्याच वयाचा, नखं कायमची हिरवट पिवळी झालेला. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"लोग तो बोरी पलट के निकल जाते हैं," तो म्हणाला. "आप पहले आदमी हो जो हर चीज़ की बीमारी लिख के लाए."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, घरी येऊन मी ते सांगितलंही.

त्याने आठ दिवस सांगितले होते. मला राहवेना, मी पाचव्या दिवशी गेलो. दुपारचे तीन वाजले होते. खाडीकडून खारट वारा येत होता आणि गाळ्याच्या पत्र्यातल्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या टाक्यांवर पडल्या होत्या. आत जुनं क्रोम उतरवून पॉलिश केलेले नग तांब्याच्या तारेला लटकावून एकेका टाकीत सोडत होते. पहिल्या टाकीतून ते तांबूस होऊन निघत, कोवळ्या उन्हात न्हाल्यासारखे. दुसरी टाकी निकलची, तिच्यातलं पाणी इतकं गर्द हिरवं की त्यात कुठेतरी तळ असेल असं वाटेना. तार हळूहळू खाली जायची, वस्तू हिरव्यात विरघळल्यासारखी नाहीशी व्हायची, मग बराच वेळ नुसते बारीक बुडबुडे. आपण उभे आहोत की झोपलो आहोत हे मला कळेनासं झालं. वर येताना प्रत्येक नग स्वतःला विसरून आल्यासारखा कोरा असायचा. शेवटच्या टाकीतून दोन लिव्हर वर आले, एकाच तारेला शेजारी शेजारी, निळसर झाक असलेले, थेंब गाळत. जुळ्या भावांसारखे दिसत होते. मी त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो. किती सुंदर, एवढंच मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

आठव्या दिवशी तेवीसच्या तेवीस नग मोजून घरी आणले आणि हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर मांडले. दोन दिवस घर वेगळंच होतं. हेडलाइटच्या रिंगेत छताचा पंखा वाकून फिरत होता, सायलेन्सरमध्ये खिडकी लांबच लांब वाहत गेली होती. वडील खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. बायको म्हणाली, "घरात माणसं तीन आणि तोंडं साठ. कुणाकुणाला चहा टाकू?"

जोडणी सुरू झाली. मुलाम्याने भोकं किंचित अरुंद होतात, त्यामुळे प्रत्येक बोल्टाआधी पॉलिश पेपर फिरवावा लागत होता. वडील पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उजव्या हाताने मला नट काढून देत होते. लिव्हर सगळ्यात शेवटी लावले. पिळून घट्ट केले आणि मी म्हणालो, "बसा."

ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीवर बसले. गाडी स्टँडवरच होती. उजव्या हाताने त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. मग डावा हात खिशातून काढून मुठीवर ठेवला आणि ती दोन बोटं पुढे केली. बोटं हवेत थांबली. लिव्हर त्यांच्यापासून बोटभर लांब होता. त्यांनी मूठ सरकवून पाहिली, मनगट वळवून पाहिलं. बोटांची टोकं नुसती क्रोमला घासून घसरली.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

"तोच. आपलाच."

"आपला असा नव्हता."

तेव्हा मला दिसलं. दोन्ही लिव्हर सारखे होते. तेच मी गाळ्यात डोळे भरून पाहिलं होतं. मी खिशातून यादीची कार्बन कॉपी काढली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली.

"वाकडा लिहिलंस तू?"

"वाकडा होता म्हणून..."

"वाकडा नव्हता रे. घडवलेला होता." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "उद्या माझी यादी केलीस तर काय लिहिशील?"

ते खाली उतरले. हात खिशात गेला. "जाऊ दे. झाकून ठेव गाडी," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

प्लेटिंगवाल्याला मी फोन केला तो थोडा चिडूनच.

"आपने ही लिखा था, भाईसाब," तो शांतपणे म्हणाला. "जंग लिखा, जंग निकाला. पोचा लिखा, पोचा निकाला. टेढ़ा लिखा, सीधा किया. हमारे यहाँ लिखा हुआ कोई ऐसे ही नहीं छोड़ता."

त्याचं बरोबर होतं. वस्तूच्या नावापुढे दोष लिहिला म्हणजे तो काढून द्यायचा, ही त्यांच्या कामाची रीतच होती. माझ्या भांडारात आणि त्याच्या गाळ्यात एकच रकाना दोन वेगळ्या कामांचा होता, आणि मी त्याला ते विचारलं नव्हतं.

"परत वाकवून द्या मग."

"ठंडा मोड़ूँगा तो क्रोम पपड़ी बन के उतरेगा. सब उतार के, गरम कर के मोड़ना पड़ेगा, फिर से चढ़ाना पड़ेगा. वो कर दूँगा. पर मोड़ूँ कितना? नाप लाइए."

माप माझ्याकडे नव्हतं. तेवीस नगांचं वजनसुद्धा मी लिहून ठेवलं होतं, पण हा बाक मोजला नव्हता. गाडी खोलण्याआधी काढलेला एक फोटो मात्र होता. मुठीची जाडी मला ठाऊक होती. तिच्या प्रमाणावरून दोन संध्याकाळी खपून मी काढलं की लिव्हरचं टोक मुठीपासून बासष्ट मिलिमीटरवर होतं. कागद घेऊन गाळ्यात गेलो. त्याने आकडा पाहिला.

"हाथ किसका है?"

"वडिलांचा. पिताजी का."

"अभी हैं वो?"

"हैं."

"तो फोटो क्यों नाप रहे हो? उनको लाओ."

घरी हे सांगितलं तर वडील म्हणाले, "मी काय नग आहे, गाळ्यात न्यायला?" विषय संपला असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, चपला पायात सरकवून दारात उभे राहिले.

"चल. चोविसावा नग तयार आहे."

गाळ्यात प्लेटिंगवाल्याने त्यांना स्टूल दिलं. नळीच्या एका तुकड्यावर रबरी मूठ चढवून तो शिकंजात आवळला. मग नग लटकवायची तांब्याची जाड तार घेतली, मुठीच्या पुढ्यात लिव्हरसारखी बांधली.

"चाचा, खींचिए. जैसे गाड़ी पे खींचते थे, वैसे ही. जहाँ पकड़ बैठे, वहाँ छोड़ दीजिए."

वडिलांनी इकडे तिकडे पाहिलं. टाक्यांवरची दोन माणसं आपल्या कामात होती. त्यांनी हात खिशातून काढला. प्लेटिंगवाला हाताकडे बघतच नव्हता, त्याचे डोळे तारेवर होते. दोन बोटं तारेवर बसली आणि तार मऊपणे, जणू तिलाच तिकडे जायचं होतं, त्यांच्यामागे वाकत गेली. मला वेळ थांबल्यासारखा वाटला. टाकीतले बुडबुडे, पत्र्यावरून चालणारा कावळा, सगळं दूर कुठेतरी. "फिर से," तो म्हणाला, आणि नवी तार बांधली. तीन वेळा केलं. तिन्ही तारा एकीवर एक ठेवल्या तर एकीसारखी एक.

मुठीपासून तारेच्या टोकापर्यंत मी मोजपट्टी लावली.

"किती?" वडिलांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"आणि तुझ्या फोटोत?"

"बासष्ट."

ते चौदा मिलिमीटर आम्हा दोघांनाही कळले. लिव्हर होता तसाच परत आला असता, तरी बोटं त्याच्यापर्यंत पोचली नसती. अकरा वर्षांत हात तेवढा मिटला होता. माझ्या चुकीने ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. चूक ती चूकच.

वडील हात पालथा करून बघत राहिले. "एवढा?" ते त्या हातालाच म्हणाले.

"चाचा, लोहा आ जाएगा आपके पास," प्लेटिंगवाला म्हणाला. "आप मत जाइए उसके पास."

ते हसले. घरी येताना रिक्षात हात त्यांच्या मांडीवर होता.

चौथ्या दिवशी लिव्हर आला. टोकाकडे इतका वळलेला की लावल्यावर मुठीला बिलगून झोपल्यासारखा दिसत होता. तो मुठीच्या इतका जवळ आल्यामुळे ओढायला जागा कमी उरली, तेव्हा क्लच पूर्ण सुटावा म्हणून केबल ताणून घ्यावी लागली. तीन वेळा जमवली तेव्हा जमली.

रविवारी दहा वाजता गाडी बाहेर काढली. ऊन निवांत होतं. किक मी मारली. सातव्या किकला इंजिन बोललं, आणि निळा धूर इमारतीच्या सावलीत एखाद्या विचारासारखा रेंगाळला. वरच्या गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, हळू सांगा त्यांना!" वडिलांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. त्यांनी क्लच ओढला. गिअर पडला. बोटं हळूहळू उघडली आणि गाडी माझ्या हातातून निघून गेली.

पहिल्या वळणावर ते दिसेनासे झाले. मग नुसता आवाज, एका इमारतीमागून दुसरीमागे जाणारा, मधल्या बोळांतून मोठा होऊन पुन्हा विरणारा. एकदा तो इतका बारीक झाला की मला वाटलं, ते फाटकातून बाहेर गेले आणि आता घोडबंदरच्या रस्त्याला लागून कुठेतरी, टाकीवर कुणाला तरी बसवून, चाललेत. मी जागचा हललो नाही.

ते समोरच्या बाजूने आले. पाठ ताठ, शर्टाची कॉलर वाऱ्याने वर झालेली. माझ्यापाशी येऊन ब्रेक दाबला, पाय टेकवले. इंजिन चालू होतं. क्लच ओढलेलाच होता आणि दोन्ही बोटं लिव्हरवर आवळलेली होती.

"न्यूट्रल लागत नाहीये," ते म्हणाले. "गुडघा वळत नाही."

मी खाली बसलो आणि गिअरचा दांडा हाताने वर उचलला. नाही. खाली दाबला. नाही. जुन्या गाड्यांचं न्यूट्रल सहज सापडत नाही.

"सोडा हवं तर, बंद पडेल. पडू दे," मी म्हणालो.

"नाही. तू शोध."

मी पुन्हा उचलला, केसाएवढा. दांडा सैल झाला.

"लागलं?"

"लागलं."

"नक्की?"

मी दांडा पुन्हा हलवून पाहिला. "नक्की."

मग त्यांनी बोटं उघडली, आधी करंगळी, मग दुसरं.