बेस प्लेट बदलली की चहा

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी केली, तिथल्या डिझाइन रूममध्ये एक पद्धत होती. बेस प्लेट बदलली की चहा. बेस प्लेट म्हणजे फिक्श्चरचा पाया, आणि फिक्श्चर म्हणजे गाडीचे पत्रे वेल्डिंग होताना हलू नयेत म्हणून त्यांना घट्ट धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. आम्ही कॉम्प्युटरवर ते सांगाडे उभे करायचो. सगळा डोलारा त्या पायावर असल्यामुळे प्लेटची जाडी बदलली की वरचा प्रत्येक खांब, प्रत्येक क्लॅम्प, प्रत्येक भोक कॉम्प्युटरला पुन्हा मोजून बसवावं लागायचं. तोवर स्क्रीनवर ते गोल चक्र गरगर फिरत राहायचं. मग काय, 'ओके' दाबायचं, खुर्ची मागे सरकवायची आणि गेटबाहेरच्या टपरीवर जायचं. कटिंग पिऊन, कुणाच्या तरी ठरलेल्या लग्नावर आणि कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नावर बोलून परत आलो, तरी चक्र आपलं फिरतंयच. आमचे सिनियर सर तर 'ओके' दाबता दाबताच उभे राहायचे. सवय हाताला होती तशी पायालाही होती.

मुलगी झाली आणि माझी नोकरी सुटली. आम्ही चऱ्होलीला फ्लॅट घेतला होता, कंपनीची बस आमच्या बाजूला यायची नाही, आणि मांडीवर तान्हं पोर. लोक म्हणाले, बरं झालं, आता जरा आराम कर. आराम! हे म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस तान्ह्या पोराबरोबर घरात कोंडून बाहेरून कडी लावली पाहिजे. पोरीवर माझा जीव आहे, तो प्रश्नच नाही. पण मला माझ्या लोखंडाची आठवण यायची. भाजीवाल्याची हातगाडी दारात आली तरी मी भाजी सोडून तिच्या चाकांचा आस बघायचे.

पोरगी शाळेत जायला लागली, आणि त्याच सुमारास सरांचा फोन आला. त्यांनी नोकरी सोडून चाकणलाच स्वतःचं लहानसं वर्कशॉप टाकलं होतं.

"घरून डिझाइन करशील का? सॉफ्टवेअरचं लायसन्स माझ्याकडचं देतो, मशीन तुझं. पण आपली पूर्ण असेंब्ली त्यावर उघडली पाहिजे, आणि बदल केला की त्याने मान टाकता कामा नये. पुढच्या रविवारी येऊन स्वतः बघतो. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग, दुसरा एकजण तयारच आहे."

जमणार नाही म्हणायला मी काय वेडी होते? घरात एक लॅपटॉप होता, पण पोरीच्या कविता दाखवता दाखवताच त्याला धाप लागायची. नवीन मशीन जुळवायचं, तेही रविवारच्या आत, आणि नुकत्याच लागलेल्या भिशीच्या पैशांत. हे काम हातचं गेलं असतं तर पुन्हा कोण विचारत होतं? घरी बसलेल्या बाईला 'आधी डिझाइनर होती' असं म्हणतात, आणि त्या 'होती'चा मला मनापासून राग यायचा. नवरा म्हणाला, "तुला त्यातलं कळतं, तूच बघ," आणि सेकंड शिफ्टला निघून गेला. शहाणा माणूस.

'होती' म्हणणाऱ्यांत आमच्या सासूबाई नव्हत्या, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सून डिझाइनर हाय, असं त्यांनी बिल्डिंगभर मोठ्या कौतुकाने सांगून ठेवलं होतं. त्यांचं माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं, आणि त्यांच्या लेखी डिझाइन म्हणजे ब्लाउजच्या मागच्या गळ्याचं. परिणाम असा, की अधूनमधून कुणीतरी ब्लाउजपीस घेऊन माझ्या दारात. "वहिनी, पाठीमागे मोराचं जमेल का?" मी प्रत्येकीला समजावून सांगायचे. सासूबाईंनाही सांगायचे, की आई, माझं ते डिझाइन नाही. त्या म्हणायच्या, "मग कोणतं? चोळीचं नाही, साडीचं नाही, मग डिझाइन असतंय तरी कशाचं बाई?"

चिंचवडला स्टेशनजवळ एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानदार तिशीतला, तोंडाने भलता चालू.

"ताई, तुम्ही फक्त काम काय ते सांगा."

"डिझाइनचं काम आहे."

"डिझाइन! मग बिनधास्त राहा. उद्या या, एक नंबर पार्ट काढून ठेवतो."

मी पुढे बोलणार तेवढ्यात त्याच्या दुकानात चार जण शिरले आणि मला पोरीची शाळा सुटायची घाई. दुसऱ्या दिवशी गेले तर काउंटरवर नवरदेवाची वरात. काचेचा कॅबिनेट, आत लाल-हिरवे दिवे लुकलुकतायत. एक थोरला मॉनिटर, त्यावर पोपट. भरपूर कोअरचा प्रोसेसर, आणि गेम खेळणारी पोरं ज्याच्यासाठी जीव टाकतात ते ग्राफिक्स कार्ड. रॅम मात्र बेताची, आणि पॉवर सप्लाय तर असा हलका की उचलला तर रिकामं खोकं वाटावं.

"कलर बघा ताई, कलर! त्या पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्या. परवाच एका भाऊंना सेम मशीन दिलंय. वाढदिवसाचे फ्लेक्स करतात ते. सगळ्या चौकात त्यांचंच डिझाइन."

माझं डोकं फिरलं. "फ्लेक्स? मी काय चौकाचौकात दादांचे गॉगल घातलेले फोटो लावते?"

"तुम्हीच डिझाइन म्हणालात ना राव!"

म्हणाले होते खरी. घरी सासूबाई आणि इथे हा. एका शब्दापायी मी कुणाकुणाशी भांडू? काउंटरवर त्याचा स्टेपलर पडला होता. तो उचलून त्याच्यासमोर आपटला.

"समजा हा मी डिझाइन केला. ही खालची पट्टी माझा पाया. ही मी जाड केली, तर हा खिळा सरकणार. खिळा सरकला की ही स्प्रिंग, स्प्रिंगनंतर हे वरचं झाकण. एकाचं माप कळल्याशिवाय पुढच्याचं कळत नाही. रांगेतलं काम आहे हे. एकच गडी करतो. तू मला दहा गडी दिलेस, तर नऊ जण बिड्या ओढत बसतील."

त्याने स्टेपलर हातात घेऊन उघडझाप करून पाहिली. मग त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे कोअर कमी चालतील, पण जो हाय तो सुसाट पाहिजे?"

"आत्ता कसं बोललास!"

तिथून पुढे आम्हा दोघांना जो काही चेव चढला! दिव्यांचा कॅबिनेट गेला, साधा काळा पत्र्याचा आला. पोपटाला मी हात जोडले. माझं सगळं काम करड्या रंगाचं, लोखंडाला कसले आलेत पिसारे? मॉनिटर एका बंद झालेल्या ऑफिसमधला, वापरलेला, पण रेषा स्वच्छ दाखवणारा घेतला. प्रोसेसर कमी कोअरचा पण वेगाने पळणारा. वाचलेले पैसे रॅममध्ये ओतले, आणि तीही जोडीने, एकासारख्या एक दोन पट्ट्या. पॉवर सप्लाय मात्र वजनदार घेतला. तो म्हणाला, ताई, इथे जरा वाचवू. मी म्हटलं, "पाया आहे तो. पायात कंजुषी करणाऱ्याच्या घरी मी चहासुद्धा पीत नाही."

राहिलं ग्राफिक्स कार्ड. नवीन घ्यायला भिशीत काही उरलं नव्हतं. तेव्हा तो माळ्यावरून एक धुळीने भरलेलं कार्ड घेऊन आला. त्याच बंद ऑफिसच्या मशीनमधलं, डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठीच बनवलेलं.

"हे कुणी घेईना. पोरं म्हणतात, याच्यावर गेम पळत नाही."

"मला गेम पळवायचा नाही, मला असेंब्ली फिरवायची आहे. साफ कर आणि चालवून दाखव."

त्याने ब्रशने धूळ काढली, पंख्यात फुंकर मारली आणि कार्ड लावलं. मी त्याच्या दुकानात बसून एक नमुन्याचं इंजिन स्क्रीनवर उलटंपालटं करत राहिले. एकही रेषा तुटली नाही. इतक्या वर्षांनी माझ्या मुठीत माउस होता आणि समोर लोखंड वळत होतं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. दुकानदाराला वाटलं धूळ गेली.

रविवारी सर आले. पोहे झाले, आणि मग त्यांची नजर टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यावर गेली. "हे?" इतकंच म्हणाले. मी "हो" म्हटलं. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. पूर्ण असेंब्ली, गाडीच्या तळाच्या फिक्श्चरची. ती उघडायला लागली आणि वेळ खायला लागली. सर घड्याळाकडे बघायचे, मी स्क्रीनकडे, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून आम्हा दोघांकडे. जुन्या कार्डाचा पंखा घूं करायला लागला. आणि मग एकेक भाग येऊन बसत अख्खा सांगाडा उभा राहिला.

सरांनी माउस माझ्या हातातून घेतला. गरागरा फिरवलं. जवळ घेतलं, लांब नेलं. काही अडकलं नाही. मग त्यांनी यादीत सगळ्यांत वर जाऊन पहिल्याच नावावर बोट ठेवलं. बेस प्लेट! मला माहीत होतं, हा माणूस तिथेच घाव घालणार. त्यांनी जाडी बदलली, 'ओके' दाबलं आणि दाबता दाबताच उभे राहिले.

"चला, तोवर चहा घेऊ," ते स्वयंपाकघराकडे वळत म्हणाले.

"सर," मी म्हटलं, "बसा. झालं."

ते जागच्या जागी वळले. स्क्रीनवर चक्र नव्हतं. सगळे खांब, सगळे क्लॅम्प नव्या उंचीवर गुमान उभे होते. सरांचा विश्वास बसेना. खाली बसून त्यांनी माप घेतलं. बरोबर होतं. पुन्हा जाडी बदलली, पुन्हा 'ओके' दाबलं, आणि या वेळी उठले नाहीत, टक लावून बघत राहिले. पुन्हा झालं. मला वाटत होतं की उठून गॅलरीत जावं आणि खालच्या पार्किंगला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकावी.

"अगं, पण मग आता चहा प्यायचा तरी कधी?" म्हणत सर जे हसायला लागले, ते थांबेचनात. हसतच त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या पुढ्यात सरकवला. "राहू दे तुझ्याकडेच. हेच पहिलं काम. उद्या सकाळी फोन करतो. हे मशीन कुणी बसवून दिलं?"

"मीच निवडलं, सर. एकेक पार्ट."

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, हातात जांभळा ब्लाउजपीस. "डिझाइनर मॅडम आहेत का? मागच्या गळ्याचं विचारायचं होतं."

मी उठायला लागले, तर सासूबाईंनी हातानेच मला बस म्हणून खुणावलं. सगळा वेळ त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, ते मी विसरलेच होते.

"गळ्याचं खाली टेलरकडं न्या बाई," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माझी सून लोखंडाचं डिझाइन करती."

आणि दार लावून त्या चहा ठेवायला गेल्या.