अंबाड्याखालचा डाग

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. भूतबाधा, अंगात येणं असलं काही कोणी सांगू लागलं की मी तिथून उठायचो, आजही उठतो. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच हातून घडलं...

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आम्ही तासगावला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पडवीत बसून मी शाडूचं शिल्प करायला घेतलं. देवी नाही, अप्सरा नाही — कामं उरकून भिंतीला टेकलेली, टाच चोळत बसलेली एक बाई. माझी बायको सुमन दुपारी अशीच बसायची, म्हणून तिलाच समोर बसवलं.

सगळं जमलं. फक्त मानेवर मागे, अंबाड्याखाली, बोराएवढा खडबडीत डाग उठायचा; सुमनच्या मानेवर तसं काहीच नव्हतं. ओल्या हातानं गुळगुळीत करावा, तर सकाळी परत तिथंच! तीनदा झालं. मातीच खराब, असं म्हणून मी तो घालवायचा नाद सोडला. पुढे साचा काढून शिल्प प्लास्टरमध्ये ओतलं, त्यातही तो उतरला.

दिवाळीनंतर साताऱ्याला आम्हा शिक्षकांचं छोटं प्रदर्शन होतं; सुमनही सोबत आली होती. शिल्प एका स्टुलावर, पाठ भिंतीला जवळजवळ चिकटलेली. दुपारी माण तालुक्याकडची एक म्हातारी पाणी प्यायला आत आली. तिकडच्या एसटीला वेळ होता, म्हणाली. शिल्प दिसलं आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"हौसा..."

"कोण हौसा, आजी?" सुमननं विचारलं.

"माजी ल्येक. दुष्काळात खडी फोडाय जायाची. ताप आला न् गेली. आवं, घरी आली की अशीच टाच चोळायची."

मी समजावलं, "आजी, ही माझी बायको. हिला बघूनच केलंय ते."

तिनं सुमनकडे नीट पाहिलं. "न्हाई मास्तर. मागनं मान बगा. ल्हानपणी त्याल उडाल्यालं."

मी स्टूल पुढे ओढलं. सुमननं त्या डागावर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं.

"तुम्ही घेऊन जा, आजी. पोचवायचं मी बघतो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मलाच ते आता घरी नको होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. "नगं. हितं निवांत टेकलीया. घरात आमी तिला कवा टेकू दिलं?"

तांब्या ठेवून ती गेली.

आम्ही दोघंही तोवर कधी माणला गेलो नव्हतो. योगायोग म्हणून पाहिलं, पण मन मानत नाही. डाग कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. बोचतं ते मात्र वेगळंच — मी त्या माउलीला तिचं गावसुद्धा विचारलं नाही. ती कधी जाते, एवढंच बघत उभा राहिलो.