एका पायातला चाळ

मासिकातल्या माझ्या सदराचा तो तिसराच महिना. जिल्ह्यात नाटक, गाणं, चित्रप्रदर्शन जे होईल त्यावर दोन पानं लिहायची. रत्नागिरीच्या एका सभागृहात मी संगमेश्वरकडच्या मंडळाची जाखडी पाहिली. मध्ये गाणारे बुवा आणि ढोलकी, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. मला फार आवडली. पण समीक्षा म्हटली की एखादी उणीव हवीच, म्हणून शेवटी लिहिलं, ‘नाचणाऱ्यांनी एकाच पायात चाळ बांधले होते. हा आळस खटकतो.’

अंक निघाला आणि संपादकांचा फोन आला.

“पत्रांचा ढीग आलाय. जाखडीत चाळ एकाच पायात बांधतात म्हणे. तुम्ही रत्नागिरीच्याच ना?”

“शहरातली,” मी म्हटलं.

“मग चार ओळींची दुरुस्ती देताय, की सदर बंद करू या?”

विमा कार्यालयातली नोकरी सोडून मी हे लिहिणं मिळवलं होतं. तीन महिन्यांत घालवायची माझी तयारी नव्हती. रविवारी दुपारी एसटीनं मंडळाचं गाव गाठलं. देवळापुढे तालीम चालली होती. मी कोण ते सांगितल्यावर ढोलकी थांबली.

“म्हंजे आळशी आमी काय?” बुवा म्हणाले. “नको, बसू नको. बांदा रे चाळ हिच्या पायात. दोनी पायात बांदा. ताईला कमी नको.”

पदर खोचून मी फेरात शिरले. दोन्ही पाय असे छणछणत होते की ठेका कुठे पडतोय ते मलाच कळेना. पुढचा गडी वळला, मी सरळ त्याच्यावर आदळले. मग डावा चाळ सोडला. आता ठेका स्वच्छ ऐकू आला आणि माझा प्रत्येक चुकलेला पायही, सगळ्या गावाला.

“आता लिव,” बुवा म्हणाले.

संपादकांना चार ओळींची दुरुस्ती हवी होती. मी देवळाच्या पायरीवर चहा पीत अख्खा लेख लिहिला, आदळण्यासकट. बुवांनी तो मोठ्यानं वाचायला लावला. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एका नाचणाऱ्यानं मधेच हात वर केला.

“ताई, ‘अलौकिक’ तीनदा झाला.”

दोन काढले.

चार दिवसांनी पुन्हा फोन.

“सदर चालू ठेवा. या खेपेला लेख सुटसुटीत झालाय. कोणाला दाखवला होता?”

“मंडळाला.”

“मग दर महिन्याला दाखवत जा,” म्हणाले आणि फोन ठेवला.