चाव्यांचा फळा आणि चौथं टर्मिनल

एप्रिल १९८६, शेवटचा शनिवार. नागपूरच्या धंतोलीतलं आमचं हॉस्पिटल, पहिल्या मजल्यावरची डॉक्टरसाहेबांची खोली.

हजर: डॉक्टरसाहेब, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, पॅथॉलॉजी लॅब सांभाळणाऱ्या बाई, बिलं बनवणारे, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात ते, तळमजल्यावरच्या औषध दुकानाचे काका, कॉम्प्युटर कंपनीचा पुण्याहून आलेला इंजिनिअर, आणि मी, ऑफिस सुपरिंटेंडेंट. गैरहजर: स्वयंपाकघरातल्या मावशी. त्यांना बोलावण्याचं काही कारण नव्हतं. पण त्या बैठकीतल्या निर्णयाचा सगळ्यांत जास्त संबंध त्यांच्याशी होता, आणि हे खोलीतल्या चौघांना माहीत होतं.

आधी ते सांगते. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मावशींचं वजन उतरत गेलं आणि खोकला थांबेना. बाईंनी थुंकी तपासली. क्षय निघाला. डॉक्टरसाहेबांनी गुडघ्याच्या दुखण्याचं कारण दाखवून त्यांना सुट्टीवर पाठवलं, औषधं सुरू केली, आणि तपासण्या पुन्हा पुन्हा स्वच्छ आल्यावरच स्वयंपाकघरात परत घेतलं. गोळ्या अजून सुरू होत्या. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांच्या हुडकेश्वर वस्तीतलं कोणीतरी भेटणारच, म्हणून त्या आमच्याच दुकानातून स्टाफच्या सवलतीत गोळ्या घ्यायच्या. त्यामुळे काकांना कळलं होतं. डॉक्टरसाहेब, बाई, काका आणि मी, एवढेच. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर पेशंटच्या नातेवाइकांनी ताट परत पाठवलं असतं आणि ट्रस्टींनी मावशींना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तपासणी स्वच्छ आहे हे त्यांना समजावत बसायला कोणी थांबलं नसतं. मावशींच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता बैठक. प्रश्न असा होता की बिलं, भरती, औषध दुकान आणि लॅब या चार विभागांना चार लहान कॉम्प्युटर घ्यायचे, की एकच मोठं मशीन घेऊन त्याला चार टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड, जोडायची. मी दोन्हींच्या बाजू एका कागदावर लिहून आणल्या होत्या. चार मशीनं म्हणजे चार ठिकाणी बिघाड आणि पेशंटचं नाव चार वेळा टाइप करणं. एक मशीन म्हणजे ते बंद पडलं की सगळंच बंद.

इंजिनिअरने समजावून सांगितलं. मशीनच्या आत प्रोसेसर एकच. पण तो इतका वेगवान की क्षणभर एकाचं काम करतो, क्षणभर दुसऱ्याचं, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, हे मशीन माझं एकट्याचंच आहे.

"म्हणजे एका कुकरात चार डबे," भाऊ म्हणाले. "वरण, भात, बटाटे, आन वर लॅबवाल्या बाईंचा डबा. त्यात काय असते ते विचारू नका जी."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी इंजिनिअरला विचारलं, "डब्यांना झाकणं आहेत का?"

"म्हणजे?"

"झाकण नसलं तर भाताले वरणाचा वास लागते," भाऊंनी बाईंच्या वतीने उत्तर दिलं. "बरोबर न, बाई?"

इंजिनिअर मुलगा हुशार होता. प्रश्न टाळला नाही. म्हणाला, झाकणं दोन प्रकारची असतात. त्याने दोन प्रोसेसर सुचवले होते. पहिला स्वस्त. त्यात एका विभागाचं काम दुसऱ्याच्या जागेत शिरू नये ही जबाबदारी पूर्णपणे सॉफ्टवेअरची. सॉफ्टवेअर चुकलं किंवा कोणी चुकवलं, तर अडवणारं कोणी नाही. दुसरा महाग. त्यात भिंत प्रोसेसरमध्येच घातलेली. प्रत्येकाला आखून दिलेल्या जागेबाहेर पाऊल पडलं की प्रोसेसर स्वतः ते काम थांबवतो. सॉफ्टवेअरचंही तसंच. एका स्वस्त पॅकेजात चौघांच्या फाइली एकाच कपाटात उघड्या. दुसरं युनिक्स नावाचं. त्यात प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि कोणी कोणती फाइल वाचायची हे ठरवता येतं.

"बाई, तुम्हाला कोणतं हवं?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"भिंत आत असलेलं. दोन्हीकडे. नाहीतर माझी लॅब चौपट वेळ लावून कागदावर चालेल, पण मी माझे रिपोर्ट त्यात घालणार नाही."

"काका?"

"चालेल," काका म्हणाले. काका बैठकीत एवढंच बोलतात.

मी माझ्या कागदावर महागड्या पर्यायाखाली रेघ मारली. डॉक्टरसाहेबांनी ट्रस्टींना काय सांगायचं ते स्वतःकडे घेतलं. एकच गोष्ट राहिली होती. भाऊंनी मशीनच्या खोलीला खिडकीत कूलर बसवायचा ठरवला होता, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या घालून. इंजिनिअर म्हणाला, ओली हवा नको, एसी लागेल. भाऊ म्हणाले, "नागपुरात राहाचं आन कूलर नको म्हणाचं. मशीनले इथला पाहुणचार आवडत नाही वाटते." एसी आला.

जूनच्या अखेरीला मशीन सुरू झालं. आधी बिलं, मग भरती, मग औषध दुकान. लॅब सगळ्यांत शेवटी. लॅबचं टर्मिनल टेबलावर ठेवलं होतं, भिंतीतून वायर काढली होती, फक्त जोडायची बाकी होती. बाईंनी सांगितलं होतं, आधी बाकीच्यांचं नीट चालू दे, मग मी येऊन बघेन, मग जोडा.

यापुढचं समजायला आमच्या चाव्यांचा फळा माहीत हवा. ऑफिसच्या दाराशी एक लाकडी फळा आहे. त्यावर खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा बिल्ला लावलेली चावी. ऑक्सिजन सिलिंडरची खोली, ऑपरेशनचं कपाट, रक्ताचा फ्रिज, सगळ्यांच्या चाव्या तिथे. हॉस्पिटलमधली कोणतीही चावी कोणाच्या खिशात राहायची नाही, हा नियम डॉक्टरसाहेबांचा, आणि पहिला खिळा त्यांनी स्वतः ठोकलेला. फार वर्षांपूर्वी सिलिंडरच्या खोलीची चावी खिशात ठेवून एक माणूस समोरच्या टपरीवर चहाला गेला होता. त्या वेळी वर काटोलकडचा एक पेशंट होता. तो वाचला नाही. चावी हाताशी असती तर वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरसाहेबांनी तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही, फळा लावला. आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की त्याला संडास कुठे आहे ते नंतर दाखवतात, फळा आधी दाखवतात.

तर ऑगस्टमध्ये एका दुपारी बाई खाली आल्या. फळ्यासमोर थांबल्या. चाव्यांच्या खालच्या रांगेत नवे बिल्ले होते: बिलं, भरती, औषधं. प्रत्येक बिल्ल्याला जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव आणि पासवर्ड. काकांची चिठ्ठी काकांनीच लावली होती. त्यांचं घर लांब, महाल भागात. रात्री इंजेक्शन हवं असलं की ते कुठे आहे हे बघायला त्यांना तिथून बोलवावं लागू नये म्हणून. कोणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी रोज त्या फळ्यासमोरून जात होते. आमच्या मनात ती चावीच होती, आणि चावीची जागा खिळ्यावर.

बाईंनी काकांची चिठ्ठी काढली, मला बरोबर घेऊन बिलांच्या खोलीत आल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "जरा उठा."

भाऊ उठले. बाईंनी त्यांच्या टर्मिनलवर औषध दुकानाचं नाव आणि पासवर्ड टाकला. पडद्यावर दुकानाची यादी आली. त्यांना मला दाखवायचं होतं की महागातला प्रोसेसर घेऊन घातलेली भिंत एका पुठ्ठ्याने कशी उघडते. त्यांनी यादी पुढे सरकवली. स्टाफच्या सवलतीचं पान आलं. त्यात मावशींचं नाव होतं आणि त्यापुढे गोळ्यांची नावं. ती नावं हॉस्पिटलात काम करणाऱ्या कोणालाही कळतात.

बाईंनी पडद्यावर तळहात ठेवला.

"हात काढा, बाई," भाऊ म्हणाले. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"मशीन लागलं तवापासून. पगारातून सवलतीचे पैसे कापाचे राहतात न. आधी काका एक आकडा लिहून पाठवत. आता मीच पाहून घेतो इथून, काकांच्या चिठ्ठीवरून. त्यात दिसलं."

"कोणाला बोललात?"

"काहून बोलीन?" भाऊ खाली बघत होते. "रोज त्यांच्याच हातचं जेवून राहिलो. आताही जेवूनच आलो."

बाईंनी हात काढला आणि ते पान बंद केलं. मग भाऊ म्हणाले, "पण मी नाही बोललो म्हणून काही नाही बाई. उद्या या खुर्चीवर दुसरा कोणी बसन. तो मावशीच्या हातचं जेवलेला नसन."

त्याच संध्याकाळी डॉक्टरसाहेबांकडे बसलो. बाईंचं म्हणणं एका वाक्यात होतं: चिठ्ठ्या फळ्यावर आहेत तोवर लॅबची वायर जोडायची नाही. डॉक्टरसाहेबांनी ऐकून घेतलं. चिठ्ठ्या काढतो असं मात्र ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरला औषध कुठल्या फळीवर आहे ते कळायला हवं. काकांची चिठ्ठी मी कशी काढू? परत कोणाच्या तरी खिशात जाईल ती."

दोघंही बरोबर होते. माझ्या कागदावर अशा वेळी दोन रकाने करून भागत नाही.

वाट इंजिनिअरने सुचवली. सप्टेंबरमध्ये तो आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, मावशींचं नाव सोडून. तो म्हणाला, साठ्यासाठी वेगळं नाव करू. त्या नावाने आत गेलेल्याला कोणतं औषध किती आहे आणि कुठे आहे एवढंच दिसेल. कोणी घेतलं ते दिसणार नाही. त्याची चिठ्ठी खुशाल फळ्यावर लावा. काकांची चिठ्ठी काकांकडे ठेवा. पगारकपातीसाठी भाऊंना फक्त रक्कम जाईल. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल. त्याने तो लिहायला घेतला. पूर्ण होण्याआधी त्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि तो गेला.

मावशींना बाईंनीच सांगितलं. लपवून ठेवणं त्यांना पटलं नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर त्या दोघी बसल्या होत्या आणि मी दारात उभी होते. चार जणांचे पाच जण झालेत, असं बाई म्हणाल्या.

"पाचवा कोण?" मावशींनी विचारलं.

"भाऊ. पण ते कोणाला बोलले नाहीत. बोलणारही नाहीत."

"मले ठाऊक हाय तो नाही बोलाचा." मावशींनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "त्याले मी रोज एक पोळी जास्तीची वाढतो. नको म्हणते, तरी वाढतो."

दुसऱ्या दिवशी भाऊ जेवायला बसले तेव्हा मी तिथे होते. मावशींनी वरण वाढलं, भाजी वाढली. पोळीचं ताट हातात घेऊन त्या थांबल्या. भाऊंनी आपणहून हात पुढे करून जास्तीची पोळी उचलून घेतली आणि म्हणाले, "वाढत काहून नाही वं मावशी? उपाशी ठेवता काय?" मावशी हसल्या. पण त्या आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि कपड्यांच्या खोलीत बदली मागितली. चादरी मोजणं, धोब्याला देणं, घेणं.

मी म्हटलं, "कोणी काही म्हणालं का?"

"कोणी नाही म्हटलं." त्या माझ्या टेबलावरच्या कागदांकडे बघत होत्या. "ज्याले माहीत हाय त्याच्या ताटात वाढताना हात थांबते. आता त्या मशीनमध्ये हाय म्हणता. मंग कोणाले माहीत हाय आन कोणाले नाही, मले कसं कळन? सगळ्याच ताटात थांबते."

मी समजावलं. बाईंनी समजावलं. डॉक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी पुन्हा बदलीच मागितली. मी सही केली.

त्या गोष्टीला आता अडीच वर्षं होतील. मावशींच्या गोळ्या कधीच्या संपल्या, तब्येत चांगली आहे. चादरींच्या घड्या त्या अशा घालतात की कपाटाचं दार आपोआप लागतं. स्वयंपाकाचं काम एका ठेकेदाराकडे गेलं. भाऊ घरून डबा आणतात. मशीन उत्तम चालतं. एवढ्या काळात भिंत एकदाही आतून ओलांडली गेली नाही, हे कंपनीचा प्रत्येक नवा माणूस अभिमानाने सांगतो, आणि ते खरं आहे. लॅबमधलं चौथं टर्मिनल रेक्झिनच्या कव्हराखाली आहे. वायरचं टोक चिकटपट्टी गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधलेलं आहे. बाई रिपोर्ट हाताने लिहितात.

माझ्या भिंतीवरच्या यादीत चार कामं एकाखाली एक आहेत. साठ्याचा वेगळा प्रोग्राम. मग फळ्यावरची काकांची चिठ्ठी काढणं. मग लॅबची वायर. आणि मग मावशींना विचारणं, मशीनमधलं तुमचं पान आता फक्त काकांना दिसतं, स्वयंपाकघरात परत येता का. हे शेवटचं पहिल्याआधी विचारता येत नाही. ठेकेदाराची मुदत या मार्चला संपते आहे, म्हणून घाई.

कंपनीचा सध्याचा माणूस म्हणतो, आधीच्याने अर्धवट लिहिलेलं समजून घ्यायला वेळ लागेल. आज सकाळी त्याच्यासाठी पुण्याला ट्रंक कॉल बुक केला होता. दुपारी लाइन मिळाली, तो जागेवर नव्हता. उद्या परत लावायचा आहे.